शेवटचं किती?

साडीच्या दुकानात घडीला लावलेल्या चिठ्ठीवर पूर्वी दोन गोष्टी असायच्या. एक ठळक आकडा, तो गिऱ्हाइकासाठी. त्याखाली बारीक अक्षरांत काहीतरी निरर्थक खरडलेलं, ते दुकानातल्या माणसांसाठी. बारकोड आल्यावर बऱ्याच ठिकाणांहून ही खरड गेली, तरी जुन्या कापडपेढ्यांत ती कुठे कुठे अजून दिसते. तिची किल्ली सोपी असते. दहा अक्षरांचं एखादं वाक्य घ्यायचं, ज्यात एकही अक्षर दुसऱ्यांदा येत नाही. उदाहरणार्थ, 'लक्ष्मी घरी ये नांद सुखात'. ल म्हणजे १, क्ष्मी म्हणजे २, घ म्हणजे ३, असं करत खा म्हणजे ९ आणि त म्हणजे ०. आता चिठ्ठीवर २,४५० रुपये आहेत आणि खाली 'लरीयेत' लिहिलंय, तर ती साडी दुकानदाराला १,४५० रुपयांना पडली आहे. कालपरवा कामाला लागलेल्या पोरालाही ते वाचून कळतं, की कुठवर खाली यायचं आणि कुठे मान हलवायची. समोर बसलेल्या ताईंना मात्र फक्त वरचा आकडा दिसतो.

घासाघिशीचं मर्म या चिठ्ठीत आहे. एका बाजूला वस्तू कितीला पडली हे ठाऊक असलेला माणूस, दुसऱ्या बाजूला ते ठाऊक नसलेलं गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाला ठाऊक असतो तो फक्त स्वतःच्या खिशाचा अंदाज, आणि तोही दुकानदार बोलता बोलता काढून घेतो. 'काय रेंजमध्ये दाखवू?' हा प्रश्न सेवाभावाने विचारलेला असतो असं समजायचं कारण नाही.

भाव लपवण्याची याहून जुनी तऱ्हा गुरांच्या बाजारात पाहायला मिळते. बैलाचा सौदा करणारे दोघे हातावर रुमाल नाहीतर उपरणं टाकतात आणि त्याखाली बोटं दाबून आकडे सांगतात. भोवती दहा माणसं उभी असली तरी सौदा केवढ्याचा झाला हे कुणाला कळत नाही. शेतमालाच्या बाजारातही ही हत्ता पद्धत चालायची आणि शेतकऱ्यांची तिच्याविरुद्ध जुनी तक्रार होती. शेजारच्या ढिगाला काय भाव मिळाला हेच कळलं नाही, तर आपल्या मालाला जास्त मागायचं कशाच्या जोरावर? बाजार समित्यांमध्ये उघड लिलावाचा नियम आला तो यासाठीच.

क्लिफर्ड गीर्ट्झ या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने मोरोक्कोतल्या सेफ्रू गावचा बाजार वर्षानुवर्षं अभ्यासला आणि १९७८ साली त्यावर एक गाजलेला लेख लिहिला. त्याचं निरीक्षण असं : बाजारात खात्रीची माहिती फार दुर्मीळ असते, त्यामुळे तिथला प्रत्येक जण माल शोधण्याआधी माहिती शोधत असतो. ती शोधायचे मार्ग दोन. दहा दुकानं फिरून वरवर भाव विचारायचा, किंवा एकाच दुकानात ठाण मांडून खोलात शिरायचं. सेफ्रूतले जाणते लोक दुसऱ्या मार्गाला जास्त मान देत आणि ठरलेल्या विक्रेत्याकडेच पुन्हा पुन्हा जात. आपल्याकडे 'आमचा नेहमीचा सोनार' असं सांगण्यामागे हेच शहाणपण आहे. त्यात धोका एवढाच, की नेहमीचा म्हणून आपण विचारायचंच सोडून देतो.

एकच भाव

'एकच भाव', 'कृपया भाव करू नये' या पाट्या आपल्याला इतक्या सवयीच्या आहेत, की ठरलेली किंमत हीच मूळ रीत आणि घासाघीस ही बिघडलेली सवय, असं वाटतं. इतिहास उलटा आहे. दुकानात वस्तूवर आधीच किंमत लावलेली असावी आणि ती सगळ्यांना सारखी असावी, ही कल्पना व्यापाराच्या मानाने तरुण आहे.

१६७३ साली मित्सुई ताकातोशी या जपानी व्यापाऱ्याने एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, एचिगोया नावाचं कापडाचं दुकान काढलं. तोवर तिथली रीत अशी, की व्यापारी माल घेऊन बड्या लोकांच्या घरी जाणार, भाव माणूस बघून ठरणार आणि पैसे उधारीने, सणासुदीच्या हिशेबाला मिळणार. उधारी बुडण्याची जोखीम अर्थातच भावात मिसळलेली. मित्सुईने दुकानातच, रोखीने, एका भावाने विकायला सुरुवात केली. अख्खा तागा घ्यायला न लावता हवं तेवढंच कापड कापूनही देऊ लागला. उधारी गेल्यामुळे त्याला भाव उतरवणं परवडलं आणि सामान्य माणूस दुकानाची पायरी चढला.

युरोपात ही कल्पना आधी धर्मातून आली. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सच्या क्वेकर पंथाने घासाघीस खोटेपणात काढली. जास्त सांगायचं, मग कमीला द्यायचं, म्हणजे पहिला शब्द खोटा होता, असं त्यांचं म्हणणं. क्वेकर दुकानदार एकच भाव सांगत. पुढे दोन शतकांनी या रीतीला धंद्याचं बळ मिळालं. पॅरिसमध्ये आरिस्तीद बूसिको १८५२ साली बॉन मार्शे या दुकानात भागीदार झाला आणि त्याने ठरलेल्या किमती, न घेता नुसतं बघायची मुभा आणि माल परत घेण्याची हमी एकत्र आणली. फिलाडेल्फियात जॉन वानामेकरने १८७६ साली आपलं प्रचंड दुकान काढलं, तेही याच तत्त्वावर.

या मोठ्या दुकानांना सचोटीइतकीच नोकरांचीही काळजी होती. गल्ल्यावर मालक स्वतः बसतो तेव्हा प्रत्येक सौदा त्याच्या नजरेखाली होतो. शेकडो नोकर विक्रीला उभे असतील, तर कुणी किती सूट दिली, का दिली, कुणाच्या मेहुण्याला दिली, याचा हिशेब कोण ठेवणार? प्रत्येक नोकराला सौदेबाजी शिकवायची तर वर्षं जातात. किंमत चिकटवून टाकली की कालचा नवशिकाही विकू शकतो. तेव्हा आज एखाद्या मोठ्या शोरूममध्ये सेल्समन म्हणतो, 'सर, माझ्या हातात नाही,' तेव्हा तो बहुधा खरं बोलत असतो. ज्याच्या हातात आहे तो आतल्या केबिनमध्ये बसलेला असतो. त्याला नम्रपणे बोलवायला सांगणं ही पहिली पायरी.

छापील किमतीचा अर्थ

आपल्याकडे या इतिहासात एक खास भारतीय वळण आहे, ते म्हणजे एमआरपी. १९९० पूर्वी पाकिटावर किंमत छापून पुढे 'स्थानिक कर वेगळे' असं लिहिण्याची मुभा होती. कर किती हे गिऱ्हाइकाला कुठे ठाऊक? दुकानदार सांगेल ती पूर्वदिशा. १९९० साली नियम बदलला आणि सर्व करांसह जास्तीत जास्त किरकोळ किंमत छापणं बंधनकारक झालं. आज हा नियम २००९ चा वैधमापन कायदा आणि त्याखालचे २०११ चे नियम यांत आहे. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेणं दुकानदाराला गुन्ह्यात नेतं. खाली विकायला मात्र कायद्याची काडीचीही हरकत नाही.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. एक, बहुतेक वस्तूंची ही मर्यादा सरकार ठरवत नाही, बनवणारी कंपनी स्वतःच ठरवते. दोन, म्हणून ती वाटेल तेवढी उंच ठेवता येते. बिस्किटाच्या पुड्यावर ती जवळपास खऱ्या विक्रीच्या किमतीएवढीच असते, कारण दुकानदाराला त्यात मिळणारा वाटाच थोडा. पंखा, मिक्सर, टीव्ही, बॅगा, नळ-शॉवर, टाइल्स यांच्या खोक्यावरचा आकडा मात्र बऱ्याचदा फक्त सूट दाखवण्यासाठी छापलेला असतो. 'छापील किमतीवर चाळीस टक्के सूट' ऐकून हरखून जाण्याआधी विचारायचं, की त्या छापील किमतीला हे कधी कुणी घेतलंय का? २००२ साली पवईत पहिलं दुकान काढणाऱ्या डीमार्टने तर छापील किमतीच्या खाली विकणं हाच रोजचा धंदा केला. तिथे भाव करावा लागत नाही, कारण कंपनीशी घासाघीस आधीच मोठ्या प्रमाणावर होऊन गेलेली असते.

कुठे काय हलतं

प्रत्येक धंद्यात काही आकडे घट्ट असतात आणि काही सैल. घट्ट आकड्यावर जोर लावला तर वेळ जातो आणि दोघांचाही चेहरा पडतो. सैल आकडा कुठला हे कळलं की निम्मं काम झालं.

सोन्याचं उदाहरण सगळ्यांत स्वच्छ. शहरातल्या चांगल्या पेढ्यांमध्ये सोन्याचा त्या दिवशीचा भाव जवळपास सारखाच असतो, त्यावर कुणी वाद घालत नाही. सैल असते ती घडणावळ. हिशेब सोपा व्हावा म्हणून समजा, भाव ग्रॅमला १०,००० रुपये आहे आणि दागिना १० ग्रॅमचा. सोन्याचे झाले १ लाख. घडणावळ १४ टक्के, म्हणजे १४,०००. त्यावर ३ टक्के जीएसटी, ३,४२०. एकूण १,१७,४२०. आता घडणावळ १० टक्क्यांवर आली तर बेरीज होते १,१३,३००. एका वाक्याने ४,१२० रुपये वाचले, आणि सोन्याच्या भावाला हातही लावावा लागला नाही. मशीनवर घडलेल्या साध्या साखळीला हातकामाच्या ठुशीएवढी घडणावळ का, हा प्रश्न तर्कसंगत आहे आणि सोनारालाही तो कळतो.

याच व्यवहारात पैसे गळतात ते आणखी दोन जागी. खड्यांचा दागिना असेल तर खड्यांचं वजन सोन्याच्या भावाने लागता कामा नये. पावतीवर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगळं लिहून घ्यायचं. जुनं सोनं मोडीत घालताना शुद्धता समोर तपासायला लावायची आणि घट किती धरली ते विचारायचं. घडणावळीत दिलेली सूट मोडीत वसूल करून घेणं ही जुनी हातचलाखी आहे. हॉलमार्कवर मात्र तडजोड नाही. २२ कॅरेटला ९१६ हा शिक्का आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो. १ एप्रिल २०२३ पासून तो बंधनकारक आहे आणि भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो.

विजेच्या उपकरणांत चित्र वेगळं. नावाजलेल्या कंपनीच्या मोबाइलवर दुकानदाराला सुटणारा पैसा थोडा असतो, आणि कंपनी बाजारातला भाव जवळपास बांधून देते. दुकानदार कमावतो ते कव्हर, चार्जर, वाढीव वॉरंटी आणि हप्त्यांच्या योजनेवर. त्यामुळे मोबाइलची किंमत पाचशेने पाडायला अर्धा तास घालवण्यापेक्षा काच आणि कव्हर पदरात पाडून घेणं सोपं. आपल्याला त्याची किंमत हजार रुपये वाटते, त्याला ते घाऊक भावाने त्याहून फार स्वस्तात पडलेलं असतं. दोघेही खूश, आणि यात कुणाची फसवणूक नाही. टीव्हीला भिंतीवरचं स्टँड, वॉशिंग मशीनला खालचा ट्रॉलीचा पाट, एसीला तांब्याच्या नळीचे जादा फूट, या सगळ्या अशाच सैल जागा. मांडून ठेवलेला डेमो पीस, नवं मॉडेल आल्यावर उरलेलं जुनं, खोक्याला पोचा पडलेलं मशीन, इथे तर किंमतच हलते. फक्त वॉरंटी आजपासून धरली जाईल हे लिहून घ्यायचं.

'नो कॉस्ट ईएमआय' ही पाटी बघून पुष्कळ लोक घासाघीस विसरतात. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वातच नसतं. व्याज कुणीतरी भरतंच. बहुधा ते सवलतीच्या रूपाने किमतीतून वळतं झालेलं असतं. तेव्हा प्रश्न साधा : 'हप्ते नकोत, एकरकमी देतो, तर किती?' ती दडलेली सवलत पुष्कळदा या एका प्रश्नाने बाहेर येते.

फर्निचर, गाद्या, पडदे, चष्म्याच्या फ्रेम, लग्नाचे कपडे या वस्तूंत नफ्याला जागा भरपूर असते, कारण तुलना अवघड असते. तोच टीव्ही दुसऱ्या दुकानात मॉडेल क्रमांकासह सापडतो. तोच सोफा सापडत नाही. जिथे तुलना अवघड, तिथे वस्तूचे भाग पाडायचे : लाकूड कुठलं, प्लायवर कुठला शिक्का, फोमची घनता किती, कापड मीटरला किती. चार प्रश्न विचारले की दुकानदारालाही कळतं, समोरचं माणूस गृहपाठ करून आलंय.

बोलायचं कसं

फ्रिजच्या दुकानातला एक संवाद पाहू. हिशेबातल्या सगळ्या गोष्टी यात आहेत.

'काका, हे मॉडेल मी दोन दुकानांत बघून आले. घ्यायचं आजच आहे. घरपोच, बिलासकट, शेवटचं किती?'

'ताई, बत्तीस पाचशे छापलंय. तुम्हाला एकतीस लावतो.'

'मला एकोणतीस आठशेला मिळतंय. हे कोटेशन.'

'अहो, एवढ्याला आम्हाला खरेदीतच पडत नाही!'

ताई गप्प राहतात. काका कॅल्क्युलेटर ओढतात.

'बरं, मग बाकी काय करता येईल ते सांगा,' ताई म्हणतात. 'जुना फ्रिज न्यायचाय. आणि स्टँडही लागेल.'

'एकोणतीस आठशेच धरा. जुन्याचे दीड हजार वजा, स्टँड आमच्याकडून. फक्त पैसे यूपीआयने करा, क्रेडिट कार्डावर आम्हाला चार्ज बसतो.'

ताईंना फ्रिज २८,३०० ला पडला. आवाज चढला नाही, कुणी रुसून पायऱ्या उतरलं नाही. काय काय घडलं ते पाहा. 'आजच घ्यायचंय' म्हटल्याबरोबर काकांना कळलं, की हे नुसतं चौकशी करणारं गिऱ्हाईक नाही. दुसऱ्या दुकानाचा भाव कागदावर होता, त्यामुळे वाद आकड्यावर झाला, परवडण्यावर झाला नाही. 'पडत नाही' हे उत्तर आल्यावर ताईंनी ते खोडून काढलं नाही. त्यांनी दुसरं दार उघडलं. आणि त्या मध्ये गप्प राहिल्या. आपल्याला शांतता सहन होत नाही. आकडा सांगून झाला की आपणच घाईने म्हणतो, 'बरं, तीस करा', आणि आपलाच सौदा आपणच महाग करतो.

शेवटची अटही पोकळ नव्हती. क्रेडिट कार्डाने पैसे घेतले की दुकानदाराच्या खिशातून बँकेचं शुल्क जातं. बँक खात्यातून थेट यूपीआयने दिले तर जानेवारी २०२० पासून असं शुल्क लागत नाही. आपल्याला फरक पडत नाही आणि त्याचे पैसे वाचतात, अशी गोष्ट दिसली की ती फुकट देऊन टाकायची नाही. तिच्या बदल्यात काहीतरी मागायचं.

सवलत कशी उतरत येते याकडेही लक्ष असावं. २,४५० चे २,३००, मग २,२५०, मग २,२३०. पायऱ्या आखडत आल्या की तळ जवळ आला असं मानायला हरकत नाही. अर्थात मुरलेला दुकानदार मुद्दाम आखडत्या पायऱ्या टाकतो. म्हणून तळ आपल्या डोक्यात आधीच ठरलेला हवा : याच्यावर गेलं तर नको. हा आकडा दुकानात शिरण्याआधी ठरवायचा, साडी खांद्यावर टाकून आरशात बघितल्यावर नाही. आणि सोबत आलेल्यांनाही ताकीद देऊन ठेवायची. 'अगं, किती शोभतंय तुला!' हे मावशीचं वाक्य दुकानदाराला पाचशे रुपये मिळवून देतं.

सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाला 'भवानी व्हायचीय' म्हणून विन्मुख न पाठवणारे दुकानदार अजूनही आहेत. पण याहून जास्त फायदा महिनाअखेरीला होतो, कारण विक्रीचं लक्ष्य पुरं करायची घाई तेव्हा असते. दिवाळीच्या आधीच्या गर्दीत मात्र कितीही गोड बोला, मागे दहा जण उभे असताना कुणी भाव उतरवत नाही.

आकड्यांचे खेळ

डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली एक प्रयोग मांडला. लोकांसमोर आकड्यांचं एक चाक फिरवलं, जे मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबेल असं केलेलं होतं. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांमध्ये आफ्रिकी देश किती टक्के असतील? १० बघणाऱ्यांचा मधला अंदाज २५ आला, ६५ बघणाऱ्यांचा ४५. चाकाचा आणि आफ्रिकेचा काही संबंध नाही हे सगळ्यांना दिसत होतं, तरी पहिल्यांदा पाहिलेला आकडा मनात नांगर टाकून बसला. दुकानात 'मूळ किंमत ४,९९९' वर मारलेली लाल फुली हेच काम करते. म्हणून सूट किती मिळाली हे मोजायचंच नाही. हातातून जाणार किती आणि हीच वस्तू इतरत्र केवढ्याला, एवढंच मोजायचं.

थोडी आकडेमोडही पाठ असावी. '५० टक्के, त्यावर आणखी २०' म्हणजे ७० टक्के नव्हे. २,००० चे १,००० होतात, हजारावर २० टक्के गेले की ८००. म्हणजे सूट ६० टक्के. 'दोनवर एक मोफत' म्हणजे तेहतीस टक्के, तीही तिसऱ्याची गरज असेल तरच. तिसरा शर्ट कपाटात पडून राहणार असेल तर ती सूट नव्हे, तो जादा खर्च.

एकट्याने आणि मिळून

एका गिऱ्हाइकाने भाव पाडणं कठीण, शंभर घरांनी मिळून पाडणं सोपं. हे महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी करून दाखवलं. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारपाजारची काही कुटुंबं मिळून संघ करायचे, महिन्याच्या वाणसामानाची मागणी एकत्र नोंदवायची, संस्था ती थेट घाऊक खरेदी करणार, आणि आलेला माल संघातल्या लोकांनी आपापसांत वाटून घ्यायचा. टंचाई, भेसळ आणि साठेबाजीचा तो काळ. ज्या गृहिणीचं वाण्यासमोर काही चालत नव्हतं, तिच्या वतीने आता हजारो घरांची मागणी बोलू लागली. वजन, दर्जा आणि भाव तिन्ही एकदम तपासले जाऊ लागले. ग्राहक संरक्षणाचा पहिला केंद्रीय कायदा १९८६ साली आला, म्हणजे चळवळीनंतर दशकभराने.

हीच युक्ती आज गृहनिर्माण सोसायटीत वापरता येते. वीस घरांना पाण्याचे फिल्टर, खिडक्यांच्या जाळ्या किंवा एसीची देखभाल हवी असेल, तर एकाच दिवशी एकत्र भाव मागवावा. दुकानदाराचीही वीस फेऱ्यांची वाहतूक आणि वीस वेळांची बडबड वाचते, म्हणून तो खुशीने उतरतो.

कुणाशी करू नये

घासाघिशीला काळी बाजूही आहे. इयन आयर्स आणि पीटर सीगेलमन या संशोधकांनी शिकागो परिसरातल्या मोटारविक्रेत्यांकडे निरनिराळ्या लोकांना एकसारखं बोलायला शिकवून पाठवलं. १९९५ साली निष्कर्ष छापून आले : गोऱ्या पुरुषांना जो भाव सांगितला गेला, त्याहून जास्त भाव स्त्रियांना आणि काळ्या ग्राहकांना सांगितला गेला. बोलणं तेच, मोटार तीच. भाव जेव्हा माणूस बघून ठरतो, तेव्हा ज्याचं वजन कमी त्याला जास्त मोजावं लागतं. गावाकडून आलेल्या म्हाताऱ्या जोडप्याला शहरातल्या दुकानात काय सांगितलं जातं, हे ज्याने ऐकलंय त्याला 'एकच भाव' या पाटीमागचा न्याय समजावून सांगावा लागणार नाही.

हाच निकष उलटाही लावायचा. पहाटे पुण्यातल्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून माल आणून दिवसभर उन्हात बसलेल्या मावशींकडे लपवायला फारसं काही नसतं. त्यांचा खरेदीचा भाव घाऊक बाजारात सगळ्यांसमोर असतो, आणि संध्याकाळी उरलेली मेथी दुसऱ्या दिवशी कुणी घेत नाही, तो तोटा त्यांचाच. तिथे जुडीमागे पाच रुपये पाडून मागणारे आपण, लाखाच्या सोफ्यासमोर 'किती?' विचारून मुकाट कार्ड काढतो. कारण मावशींसमोर लाज वाटत नाही आणि सूट घातलेल्या सेल्समनसमोर वाटते. खरं तर पाच टक्के उतरवून मागायची जागा तीच. सोफ्याचे पाच टक्के म्हणजे पाच हजार रुपये, आणि त्याने कुणाची चूल विझत नाही.

बिल हातात घेताना

भाव उतरला की बऱ्याचदा पुढचं वाक्य येतं, 'बिल नको असेल तर आणखी कमी करतो.' इथे थांबायचं. त्यात कर बुडतो हा भाग आहेच, शिवाय बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही आणि तक्रारीला पुरावाही नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणंही त्याच यादीत येतं. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीने सदोष मालाची जबाबदारी टळत नाही. ठरलेलं सगळं, म्हणजे स्टँड, घरपोच, जुन्याचे पैसे, वॉरंटी, बिलावर उतरवून घ्यायचं. अडलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

एवढं सगळं जमल्यावर राहतं ते घरी आल्यावरचं काम. शेजारच्या वहिनी विचारतात, 'केवढ्याला घेतलंत?' आणि आपण एकतर हजाराने कमी सांगतो, म्हणजे आपली हुशारी दिसते, नाहीतर हजाराने जास्त, म्हणजे आपली ऐपत दिसते. दोन्ही वेळा दुकानदाराचा फायदा होतो, कारण पुढच्या गिऱ्हाइकापाशी खरा भाव पोचत नाही. म्हणून खरा आकडा सांगावा : कुठलं मॉडेल, कुठलं दुकान, कुठला महिना, भाव काय आणि वर काय मिळालं. पुढच्या आठवड्यात त्या वहिनी त्याच दुकानात जातील आणि सुरुवातच तुमच्या शेवटच्या भावापासून करतील.